छायाचित्रकाराचा चरितार्थ : प्रस्तावना

छायाचित्रणाच्या व्यवसायात उतरणाऱ्यापुढे दोन प्रश्न असतात. आपले काम लोकांच्या नजरेत कसे येईल, हा पहिला. आणि त्या कामाचे पैसे कोण, किती व कधी देईल, हा दुसरा. बहुतेक नवोदित पहिल्याच्या मागे लागतात, कारण तो सुटला की दुसरा आपोआप सुटेल असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात हजारो लोकांनी पाहिलेल्या छायाचित्राला कधीकधी एक रुपयाही मिळत नाही, आणि तालुक्याच्या गावी पन्नास-साठ घरांपलीकडे ज्याचे नाव कोणाला ठाऊक नाही अशा फोटोग्राफरच्या लग्नसराईच्या तारखा दिवाळीपूर्वीच भरलेल्या असतात. त्याचे नाव थोड्याच लोकांना माहीत आहे, पण ते लोक लग्नकार्य ठरवणारे आहेत. छायाचित्रकाराच्या पोटापाण्याचा विचार इथून सुरू करावा लागतो : काम पाहणारे किती, यापेक्षा पाहणाऱ्यांत काम देणारे कोण आहेत.

या व्यवसायाचा भारतातला इतिहासही हेच दाखवतो. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेर यांच्या छायाचित्रण-तंत्राची घोषणा झाली आणि दुसऱ्याच वर्षी कलकत्त्यात त्या पद्धतीचे कॅमेरे विक्रीला आले. मुंबईत १८५४ मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला, आणि तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईत या कलेवर व्यवसाय उभा करणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी एक ठरले. सोसायटीतले बहुतेक जण हौशी होते. त्यांच्याकडे वेळ, पैसा आणि प्रतिष्ठा आधीपासून होती. धंदा म्हणून कॅमेरा हाती घेणाऱ्याला मात्र गिऱ्हाईक शोधावे लागले, आणि तो शोध कसा घ्यायचा याचा पहिला मोठा धडा लाला दीनदयाळ यांनी घालून दिला.

दीनदयाळ (१८४४–१९०५) मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे. रुरकीला अभियांत्रिकी शिकून ते इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या नोकरीला लागले. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हातात घेतला, पण नोकरी लगेच सोडली नाही. खात्याच्या कामामुळे इमारती आणि अधिकारी दोन्ही जवळचे होते. इमारतींच्या छायाचित्रांमुळे अधिकारी आणि संस्थानिक दोघांचाही पाठिंबा मिळत गेला, आणि त्या वाटेने ते हैदराबादच्या निजामापर्यंत पोहोचले. सिकंदराबादेत स्टुडिओ निघाला, १८९६ मध्ये मुंबईतही निघाला. त्यांच्या धंद्याची जाण कळायची असेल, तर १८९२ मध्ये हैदराबादेत खास पडदानशीन स्त्रियांसाठी काढलेला स्टुडिओ पाहावा. तिथे छायाचित्रे घेणारी स्त्रीच होती. ज्या घरांत पुरुष फोटोग्राफरला पाऊल टाकता येत नव्हते, त्या घरांतल्या स्त्रियांनाही आपली छबी हवी आहे, हे त्यांनी ओळखले होते. दीनदयाळ यांच्या चित्रांचे कौतुक पुष्कळ होते. त्यांच्या या व्यवहारी नजरेचे तेवढे होत नाही, आणि व्हायला हवे.

त्याच काळात मुंबईत स्टुडिओ चालवणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, १८९६ मध्ये वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा खेळ झाल्यावर चलच्चित्राकडे वळले आणि १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. दादासाहेब फाळक्यांनीही गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला होता. तो मार्ग पुढे चालला नाही. पुरातत्त्व खात्यातली नोकरी आणि लोणावळ्याचा छापखाना असे टप्पे घेत ते १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’पर्यंत आले. स्टुडिओ बंद पडला तरी तिथे हाताला बसलेले प्रकाशाचे आणि रसायनांचे ज्ञान त्यांच्या पुढच्या कामांत वापरले गेले. व्यवसाय बदलत राहणे ही या क्षेत्रातली आजची अडचण समजली जाते. ती पहिल्या पिढीपासूनची आहे.

विसाव्या शतकात या क्षेत्राच्या निरनिराळ्या वाटा स्पष्ट झाल्या आणि प्रत्येक वाटेवर नाव होण्याची रीत वेगळी ठरली. नवोदिताचा गोंधळ होतो तो बहुधा इथे. एका वाटेवरची रीत तो दुसऱ्या वाटेवर वापरायला जातो.

सर्वांत जुनी आणि सर्वांत जास्त पोटे भरणारी वाट स्टुडिओची. रंगवलेला पडदा, कठडा, कुंडी, आणि नवपरिणीत जोडप्याचा उभ्याने काढलेला फोटो हे महाराष्ट्रातल्या घराघरांतल्या भिंतींवर अजून दिसते. जत्रेत लाकडी विमानात किंवा मोटरसायकलवर बसवून फोटो काढणारेही याच परंपरेतले. या फोटोग्राफरचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही. त्याची जाहिरात म्हणजे दुकानाच्या काचेतले चार-सहा नमुने. मुंबईत गेटवे ऑफ इंडियापाशी पर्यटकांचे फोटो काढणारे फोटोग्राफर आजही हातात नमुन्यांचा छोटा अल्बम घेऊन उभे असतात. पाहुणा थांबला की तो अल्बम उघडतो : मागे गेटवेची कमान, बाजूला ताजमहाल हॉटेल, पुढे हसरे कुटुंब. पाहुण्याला काही समजावून सांगावे लागत नाही. आपल्याला काय मिळणार, ते कसे दिसणार, किती वेळात मिळणार, हे त्याला अर्ध्या मिनिटात कळते. पोर्टफोलिओ म्हणजे काय, हे यापेक्षा सोप्या रीतीने शिकवणारी जागा दुसरी नसेल.

वृत्तपत्राच्या वाटेवर नाव होते ते छायाचित्राखालच्या एका ओळीने, आणि तीच ओळ मिळवणे अवघड असते. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. त्यांची सुरुवातीची छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली. स्त्री छायाचित्रकाराला तेव्हा कोणी ओळखत नव्हते. पुढे ‘डालडा १३’ या टोपणनावाने त्यांनी काम केले, स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली टिपली, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. आरंभीच्या कामावर नाव नसणे ही अडचण आजच्या तालुका-बातमीदाराबरोबर फिरणाऱ्या फोटोग्राफरलाही तशीच भेडसावते. वर्तमानपत्रातल्या पगारी जागा कमी झाल्या आहेत आणि प्रत्येक फोटोमागे मिळणाऱ्या मानधनावर घर चालत नाही. म्हणून या वाटेवरचे अनेक जण वृत्तपत्रातून ओळख मिळवतात आणि संस्था, कंपन्या, पुस्तके यांच्या कामातून उत्पन्न. हा मार्ग प्रतिष्ठेचा आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही.

जाहिरात आणि उद्योग यांची वाट स्वातंत्र्यानंतर रुंदावली. कारखाने, धरणे, पोलादाचे प्रकल्प उभे राहत होते आणि कंपन्यांना वार्षिक अहवालांसाठी, दिनदर्शिकांसाठी चित्रे हवी होती. मित्तर बेदी यांनी मुंबईत राहून ही गरज हेरली आणि औद्योगिक छायाचित्रण हा स्वतंत्र व्यवसाय करून दाखवला. गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांचे उदाहरण मराठी वाचकाला अधिक जवळचे. ‘चेहरे’ या ग्रंथामुळे आणि सिनेतारकांच्या छायाचित्रांमुळे त्यांचे नाव घरोघरी गेले. पण त्याआधी ते १९७४ पासून लिंटास या जाहिरातसंस्थेच्या छायाचित्र विभागात होते आणि १९८७ मध्ये पूर्णवेळ स्वतंत्र व्यवसायात आले. छायाचित्र विकत घेणारा माणूस कसा विचार करतो, एखादे चित्र का नाकारतो, कोणत्या तारखेला त्याची झोप उडते, हे आतून पाहण्याची संधी अशा नोकरीत मिळते. एखाद्या अनुभवी फोटोग्राफरकडे किंवा संस्थेत काही वर्षे उमेदवारी करण्याचा सल्ला म्हणूनच आजही खरा आहे. त्यात शिकले जाते ते कॅमेऱ्याबाहेरचे.

हौशी मंडळे आणि सलोन स्पर्धा ही आणखी एक परंपरा. मुंबईत १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया आणि १९५३ मध्ये देशपातळीवर फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी स्थापन झाली. रचना, छपाई, कृष्णधवल छटांची समज या बाबतीत या मंडळांनी पिढ्या घडवल्या. मात्र स्पर्धेतल्या पदकातून काम क्वचित मिळते, कारण पदक देणारे परीक्षक असतात आणि काम देणारे वेगळेच असतात. शिवाय काही स्पर्धांच्या नियमांत, आलेल्या प्रत्येक छायाचित्राचा वापर आयोजकांना कायमचा आणि फुकट करता येईल असे कलम असते. प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी ते कलम वाचलेच पाहिजे.

स्वतःच्या ध्यासाचे काम वर्षानुवर्षे करत राहणाऱ्यांची वाट सर्वांत खडतर. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे दीर्घकाळ टिपले. शहराने नजर वळवली होती तिकडे त्यांनी कॅमेरा वळवला. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांबरोबर राहून जे काम केले ते ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ या पुस्तकात आहे. अशा कामाला आधी गिऱ्हाईक नसते. ते उभे राहते दुसऱ्या उत्पन्नावर, पाठ्यवृत्तीवर किंवा घरच्यांच्या सोसण्यावर. या पुस्तकात त्याला स्वतंत्र जागा दिली आहे, कारण महाराष्ट्राच्या स्मृतीत शेवटी अशीच चित्रे राहतील, आणि ती काढणारे उपाशी राहता कामा नयेत.

आज सर्वाधिक तरुण येतात ते लग्नाच्या छायाचित्रणात, आणि या कामाला कमी लेखण्याची सवय जितक्या लवकर सुटेल तितके बरे. अंतरपाटाचा क्षण घ्यावा. मंगलाष्टके संपत आली की मांडवातले सगळे उभे राहतात, अक्षतांसाठी हात वर जातात, आणि वधूवरांना पाहण्याच्या सगळ्या वाटा बंद होतात. अंतरपाट दूर होतो आणि दोघे एकमेकांकडे पाहतात ते दोन-तीन सेकंद. अनुभवी फोटोग्राफर विधी सुरू होण्यापूर्वीच गुरुजींना विचारून ठेवतो की अंतरपाट कोणत्या बाजूला ओढला जाणार. वधूच्या मागे तिचा मामा उभा राहणार हे धरून आपली जागा ठरवतो. आणि दुसरा कॅमेरा वधूच्या आईवर लावून ठेवतो. विधी, नातीगोती आणि माणसांच्या हालचाली यांचे हे ज्ञान कोणत्याही यंत्रात येत नाही, आणि त्याचे पैसे मागण्यात संकोच नसावा. स्त्री छायाचित्रकारांना इथे मोठी जागा आहे. हळदीच्या वेळी, वधूच्या खोलीत, डोहाळजेवणाला स्त्री फोटोग्राफर हवी अशी मागणी घरांकडूनच येते. हैदराबादच्या त्या स्टुडिओमागची गरज अजून संपलेली नाही.

लग्नाच्या कामाला ऋतू असतो. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारी सराई पौषात थंडावते, माघापासून पुन्हा उसळते आणि चातुर्मासात थांबते. जून ते ऑक्टोबर घर कसे चालवायचे याचा विचार न केलेला फोटोग्राफर पावसाळ्यात लेन्स विकायला काढतो. मोकळ्या महिन्यांत दुसरे काम बहुधा गावातच असते. येवल्याचा पैठणी विणकर, नाशिकचा द्राक्ष निर्यातदार, देवगडचा आंबा बागायतदार, कोकणात घरगुती निवास चालवणारे कुटुंब, हे सगळे आता थेट ग्राहकाला विकू पाहतात आणि त्यांना चांगले फोटो हवे आहेत. पैठणीवर समोरून फ्लॅश मारला की जर पांढरी पडते आणि पदरावरचा मोर सपाट दिसतो. पांढऱ्या कापडातून गाळलेला प्रकाश बाजूने, थोडा खालून घेतला, की जरीचा प्रत्येक धागा उठून येतो आणि रेशमाचा रंग गिऱ्हाइकाच्या हाती पडेल तसाच राहतो. साडी परत येण्याचे प्रमाण कमी झाले की विणकर पुन्हा त्याच फोटोग्राफरला बोलावतो. अशा दहा-बारा घरांचे काम हाताशी असले की वर्षाचा पाया तयार होतो.

हा विषय आत्ताच मांडण्याची निकड काय, हे वेगळे सांगायला नको. १८८८ मध्ये ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा आला तेव्हा फोटो काढणे सामान्य माणसाच्या हाती आले. फिल्मवर उभा राहिलेला डोलारा कोसळून २०१२ मध्ये कोडॅक कंपनी दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली. कलकत्त्याची बोर्न अँड शेफर्ड ही दीडशे वर्षांची पेढी २०१६ मध्ये बंद झाली. मोबाइलने पासपोर्ट फोटोचे आणि सहलीच्या फोटोचे काम नेले. आता कृत्रिम बुद्धिमत्ता कॅटलॉगची आणि सर्वसाधारण जाहिरातींची चित्रे बनवू लागली आहे. कुठल्याही आंब्याचे चित्र यंत्र देऊ शकते. या वर्षी, या बागेत, या माणसाने उतरवलेल्या आंब्याचे चित्र घ्यायला कोणाला तरी तिथे जावेच लागते. व्यवसाय त्या दिशेने सरकतो आहे. इन्स्टाग्रामने (२०१०) दाखवण्याची जागा फुकट केली आणि त्याच वेळी पसंतीच्या आकड्यांना कामाचे माप समजण्याची सवयही लावली. त्या आकड्यांत दुसरे फोटोग्राफर किती आणि लग्न, हॉटेल किंवा कारखाना असलेले किती, हे मोजणारे फार थोडे.

पैशाचा आणि कायद्याचा भाग मराठीत जवळजवळ लिहिलाच गेलेला नाही, आणि सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते. दर ठरवताना शेजारच्याचा दर पाहून पाचशे रुपये कमी करण्याची पद्धत सर्रास आहे. त्याऐवजी साधा हिशोब मांडावा. समजा, कॅमेरे, लेन्स, दिवे मिळून चार लाख रुपये गुंतवले आणि ते चार वर्षे चालले, तर वर्षाला एक लाख झिजले. वर्षात पंचवीस लग्ने असतील तर प्रत्येक लग्नातले चार हजार रुपये केवळ सामानाची झीज भरून काढतात. त्यावर मदतनीस, प्रवास, अल्बम, आणि हजारो फ्रेममधून निवड करून रंग दुरुस्त करण्याचे चार-पाच दिवस. हे न मोजता सांगितलेला दर म्हणजे स्वतःच्या खिशातून दिलेला आहेर.

कायद्याबाबत गैरसमज त्याहून मोठे आहेत. छायाचित्र काढले म्हणजे त्याची मालकी आपली, असे बहुतेक फोटोग्राफर धरून चालतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार पैसे देऊन कोणी छायाचित्र काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा असतो. म्हणून करार हवा, आणि तो काम सुरू होण्यापूर्वी हवा. मालकी दुसऱ्याला देताना ते लेखी आणि सहीनिशी असावे लागते, हे कलम १९ सांगते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. मालकी गेली तरी कृतीचा कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा हक्क कलम ५७ मुळे उरतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे राहतो; आजच्या तरुण फोटोग्राफरच्या नातवंडांपर्यंत पुरेल अशी ही मिळकत आहे आणि ती व्हॉट्सॲपवरच्या एका ‘ओके’मध्ये देऊन टाकली जाते.

रखडलेल्या बिलांनाही उपाय आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार अशा उद्योगाचे पैसे करारात काहीही लिहिले असले तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात; उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते. ती ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे. एकट्याने काम करणाऱ्या फोटोग्राफरने कॅमेऱ्याची पिशवी घेण्याआधी हा कागद करून घ्यावा.

मराठीत छायाचित्रणाच्या तंत्रावर पुस्तके आहेत, छायाचित्रांचे देखणे संग्रह आहेत. ॲपर्चर आणि शटर कोणीही समजावते. पहिले कोटेशन कसे लिहावे, बयाणा किती घ्यावा, गिऱ्हाइकाने ‘जरा कमी करा’ म्हटल्यावर दराऐवजी काम कसे कमी करावे, हे कोणी सांगत नाही. ते ज्ञान एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत तोंडी फिरते, आणि ज्याच्या घरात आधी कोणी फोटोग्राफर नव्हता त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. सेकंडहँड कॅमेरा घेऊन सुरुवात करणारी खेड्यातली मुलगी आणि वडिलांचा चालता स्टुडिओ हाती आलेला शहरातला मुलगा यांच्यातले खरे अंतर या तोंडी ज्ञानाचे असते. ते अंतर कमी करणे हा या पुस्तकाचा मुख्य हेतू आहे.

त्यामुळे पुस्तकात कॅमेऱ्यांची तुलना नाही. दरांचे तक्तेही नाहीत, कारण सावंतवाडीचा दर ठाण्यात चालत नाही आणि छापलेला दर वर्षभरात शिळा होतो; त्याऐवजी दर काढण्याची रीत दिली आहे. करारांचे नमुने मराठीत दिले आहेत, कारण गिऱ्हाइकालाही ते वाचता आले पाहिजेत. प्रसिद्ध छायाचित्रकारांची चरित्रे येतात ती त्यांना काम कसे मिळाले एवढ्यापुरती. कलेबद्दल बोलणे कमी आहे. ते वाचकाकडे आधीपासून आहे असे धरले आहे.

वाचकाने पुढचे पान उलटण्यापूर्वी एक काम करावे. आपल्या साठ्यातली वीस छायाचित्रे निवडावीत, जवळच्या लॅबमधून छापून आणावीत आणि प्रत्येकाच्या मागे, ते पैसे देऊन कोण घेईल, त्या माणसाचे किंवा दुकानाचे नाव पेन्सिलीने लिहावे. ज्यांच्या मागे नाव सुचणार नाही ती घरी भिंतीवर लावावीत. उरलेली घेऊन पहिल्या प्रकरणाला बसावे.